इंग्रजी ‘हँड’ला ‘हात’ म्हणण्याआधी : अर्थ लावण्याची क्रमवार पद्धत

‘द शिप वॉज लॉस्ट विथ ऑल हँड्स’ या वाक्याचं मराठी ‘जहाजासह सर्वांचे हात गेले’ असं केलेलं मी स्वतः तपासलं आहे. करणारा माणूस इंग्रजीत कच्चा नव्हता. त्याच पानावरचे अवघड शब्द त्याने कोशात बघून नीट लावले होते. ‘हँड’साठी कोश उघडावा असं त्याला वाटलंच नाही, कारण तो शब्द आपण पहिलीत शिकलेलो असतो. खरं तर जहाजावरचे सगळे खलाशी बुडाले होते, हात शाबूत होते की नाही हा प्रश्नच नव्हता.

बहुतेक जण आधी अर्थाचा अंदाज बांधतात आणि मग वाक्य त्या अंदाजात कोंबतात. खालचा क्रम उलटा आहे. आधी शब्दाचं रूप, मग त्याला चिकटलेले शब्द, मग विषय आणि सगळ्यात शेवटी मराठी शब्द. क्रम मोडू नका, विशेषतः शेवटची पायरी आधी घेऊ नका.

तयारी

वाक्य एकटं वाचू नका. आधीचं एक आणि नंतरचं एक, अशी किमान तीन वाक्यं समोर घ्या. मजकूर कशाबद्दल आहे ते एका शब्दात समासात लिहा : घड्याळ, घोडे, पत्ते, करारनामा, बागायत, जे असेल ते. पुढे चौथ्या टप्प्यात हाच शब्द वाचवतो.

कोश इंग्रजी-इंग्रजी घ्या, शिकणाऱ्यांसाठी काढलेला असेल तर उत्तम. त्यात ‘हँड’च्या नोंदीत खाली वाक्प्रचारांचा वेगळा भाग असतो, काम तिथे होतं. इंग्रजी-मराठी छोट्या कोशात पहिला अर्थ ‘हात’ दिसतो आणि माणूस तिथेच थांबतो.

टप्पा १ : शब्द कसा लिहिला आहे ते बघा

जोडून आहे, मध्ये आडवी रेघ आहे की सुटा आहे? अनेकवचनी आहे का? हे बघायला पाच सेकंद लागतात आणि निम्म्या चुका इथेच टळतात.

‘सेकंडहँड’ म्हणजे वापरलेलं किंवा ऐकीव. ‘सेकंड हँड’ सुटं असेल तर घड्याळाचा सेकंदकाटा असू शकतो. ‘शॉर्टहँड’ म्हणजे लघुलेखन, ‘शॉर्ट-हँडेड’ म्हणजे कामाला माणसं कमी पडलेली. ‘हँडआउट’ हे वर्गात वाटलेलं टिपणही असतं आणि फुकट दिलेली मदतही, तीही बहुधा नाक मुरडून म्हटलेली.

एका ‘एस’ने काय होतं ते बघा. ‘हँड डाउन’ म्हणजे पुढच्या पिढीकडे देणं, किंवा न्यायालयाने निकाल, शिक्षा सुनावणं. ‘हँड्स डाउन’ म्हणजे आरामात, निर्विवाद : ‘शी वन हँड्स डाउन’, ती सहज जिंकली. आणि ‘हँड-मी-डाउन’ म्हणजे मोठ्या भावंडाचे धाकट्याकडे आलेले कपडे. तिन्हींत ‘खाली’ काहीच नाही.

> सावधान : सुटं की जोडून, यावर शंभर टक्के भरवसा ठेवू नका. वापरलेल्या वस्तूंच्या जाहिरातीत ‘सेकंड हँड’ सर्रास सुटं लिहितात. आजूबाजूला घड्याळ आहे का, ही खूण जास्त पक्की.

टप्पा २ : नाम की क्रियापद?

क्रियापद असेल तर काम सोपं आहे. मूळ भाव ‘देणे’ असतो आणि पुढचा छोटा शब्द कसं द्यायचं ते सांगतो. ‘हँड इन’ म्हणजे जमा करणे, सादर करणे. ‘हँड आउट’ म्हणजे वाटणे. ‘हँड ओव्हर’ म्हणजे सोपवणे, ताबा देणे. ‘हँड बॅक’ म्हणजे परत देणे. मराठीत इथे ‘हात’ आणायची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

एकच अपवाद लक्षात ठेवा. ‘आय हॅव टु हँड इट टु हर’ यात कुणी काहीच देत नाही. अर्थ आहे, ‘मानलं बुवा तिला’. ‘मला ते तिच्या हाती द्यावं लागेल’ असं मराठी दिसलं की समजावं, दुसऱ्या टप्प्यावर गाडी घसरली.

टप्पा ३ : शेजारचे छोटे शब्द

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘अ’, ‘द’, ‘युअर’, ‘ॲट’, ‘इन’, ‘ऑन’ हे शब्द आपण वाचताना गिळून टाकतो आणि ‘हँड’चा अर्थ तर त्यांच्याच ताब्यात असतो.

आधी ‘हँड’च्या लगेच आधीचा शब्द. ‘गिव्ह मी अ हँड’ म्हणजे जरा मदत कर. ‘गिव्ह मी युअर हँड’ म्हणजे हात दे, इथे खराच हात पुढे करायचा आहे. ‘गिव्ह हर अ बिग हँड’ म्हणजे तिच्यासाठी जोरदार टाळ्या. क्रियापद तेच, नाम तेच, बदलला तो मधला बारका शब्द. ‘द अपर हँड’ म्हणजे वरचष्मा, ‘अ फ्री हँड’ म्हणजे मोकळीक, ‘ॲन ओल्ड हँड’ म्हणजे त्या कामात मुरलेला माणूस. या शेवटच्याचं ‘म्हातारा हात’ केलेलंही पाहिलं आहे, त्यावर काही बोलत नाही.

मग शब्दयोगी जागा. ‘ॲट हँड’, ‘इन हँड’, ‘ऑन हँड’ ही तीन भावंडं दिसायला सारखी आहेत, म्हणून एकेक घेऊ.

‘ॲट हँड’ म्हणजे जवळ, स्थळाने किंवा काळाने. ‘हेल्प वॉज ॲट हँड’, मदत जवळच होती. ‘द एक्झॅम्स आर ॲट हँड’, परीक्षा तोंडावर आल्या.

‘ऑन हँड’ म्हणजे हजर, तयार. माणसाबद्दल असेल तर ‘तिथे उपस्थित’, मालाबद्दल असेल तर ‘शिल्लक साठा’. पण मध्ये ‘हिज’ किंवा ‘हर’ घुसलं आणि ‘हँड्स’ झालं की अर्थ पालटतो : ‘टाइम ऑन हर हँड्स’ म्हणजे तिच्याकडे रिकामा वेळ.

‘इन हँड’ सगळ्यात फसवं. ‘द जॉब इन हँड’ म्हणजे हातातलं काम. ‘दे हॅव द सिच्युएशन इन हँड’ म्हणजे परिस्थिती आटोक्यात आहे. क्रिकेटमध्ये ‘फाइव्ह विकेट्स इन हँड’ म्हणजे पाच गडी हातात. फुटबॉलच्या गुणतक्त्यात ‘अ गेम इन हँड’ म्हणजे हा संघ दुसऱ्यापेक्षा एक सामना कमी खेळला आहे, त्याचा एक सामना अजून बाकी आहे. ‘सामना त्यांच्या हातात आहे’ असं लिहिलंत तर वाचकाला वाटणार, जिंकल्यातच जमा.

‘आउट ऑफ हँड’चे अर्थ दोन आहेत आणि क्रियापदावरून ते वेगळे होतात. ‘थिंग्ज गॉट आउट ऑफ हँड’, प्रकरण हाताबाहेर गेलं. मराठीशी तंतोतंत जुळतं, म्हणून आपण बेसावध होतो. पुढे ‘दे रिजेक्टेड द ऑफर आउट ऑफ हँड’ येतं आणि तिथेही ‘हाताबाहेर’ लिहिलं जातं. तिथला अर्थ आहे, विचारही न करता साफ धुडकावलं. म्हणून आधी क्रियापद बघा : ‘गेट’, ‘गो’ असेल तर हाताबाहेर, ‘रिजेक्ट’, ‘डिसमिस’ असेल तर तडकाफडकी.

बाकीचे भराभर. ‘ॲट द हँड्स ऑफ’ म्हणजे ‘-कडून’ किंवा ‘-च्या हातून’, आणि घडलेली गोष्ट बहुधा वाईट असते : पराभव, छळ, अपमान. ‘डिलिव्हर्ड बाय हँड’ म्हणजे टपालाने न पाठवता माणसाकरवी पोचवलेलं. त्याला मराठीत ‘हस्ते’ हा नेमका शब्द आहे, तो वापरा. ‘ऑन द वन हँड… ऑन द अदर हँड’ म्हणजे ‘एकीकडे… दुसरीकडे’. ‘दुसऱ्या हाताला’ हे मराठी नाही.

> तपासा : तुमच्या मराठी वाक्यातून ‘अ’, ‘युअर’, ‘ॲट’, ‘ऑन’ यांतला फरक दिसतो का? ‘गिव्ह मी अ हँड’ आणि ‘गिव्ह मी युअर हँड’ यांची भाषांतरं एकसारखी झाली असतील तर हा टप्पा पुन्हा करा.

टप्पा ४ : विषयाचा शब्द लावा

समासात लिहिलेला शब्द आता बाहेर काढा. त्या त्या क्षेत्रात ‘हँड’ला ठरलेला अर्थ असतो आणि मराठीतही बहुतेक वेळा त्याला स्वतःचा शब्द असतो. तो नवा बनवायचा नाही, शोधायचा.

घड्याळात ‘हँड’ म्हणजे काटा. केळीच्या बागेत ‘बंच’ म्हणजे घड, ‘हँड’ म्हणजे फणी आणि ‘फिंगर’ म्हणजे एक केळं. इंग्रजीत हात आणि बोटं, मराठीत कंगवा. दोन्ही प्रतिमा आपापल्या जागी चोख आहेत, त्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत. कापडात ‘हँड’ म्हणजे ते हाताला कसं लागतं, त्याचा पोत आणि स्पर्श. दस्तऐवजात ‘अंडर माय हँड अँड सील’ म्हणजे माझ्या सही-शिक्क्यानिशी, आणि ‘इन हिज ओन हँड’ म्हणजे त्याच्या स्वतःच्या अक्षरात. जहाजावर, शेतावर, रंगमंचामागे ‘हँड’ म्हणजे काम करणारा माणूस. कार्यालयातली ‘ऑल-हँड्स मीटिंग’ त्यातूनच आली, ती सर्व कर्मचाऱ्यांची बैठक असते. हात वर करून मत द्यायचं असतं तो प्रकार वेगळा, त्याला ‘शो ऑफ हँड्स’ म्हणतात.

पत्त्यांत गोंधळ जास्त होतो, कारण तिथे मराठीतही ‘हात’ आहे आणि तो वेगळा आहे. इंग्रजीत ‘हँड’ म्हणजे तुम्हाला वाटलेली पानं, ब्रिजमध्ये ती १३ असतात. कधी त्याच शब्दाने अख्खा डावही सांगतात. मराठीत ‘हात’ म्हणजे प्रत्येकाने एकेक पान टाकल्यावर जो ते जिंकतो त्याचा झालेला हात. इंग्रजीत त्याला ‘ट्रिक’ म्हणतात. म्हणजे ‘आय हॅड अ गुड हँड’ याचं मराठी ‘मला पानं चांगली आली’, आणि ‘आय टुक थ्री ट्रिक्स’ याचं मराठी ‘माझे तीन हात झाले’. ‘हात’ शब्द येतो खरा, पण ज्या वाक्यात ‘हँड’ नाही त्यात.

घोड्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. घोड्यांवरच्या एका मजकुरात ‘फिफ्टीन पॉइंट टू हँड्स’ असं होतं आणि मी ‘१५.२ हात उंचीचा घोडा’ लिहून मोकळा झालो. मराठीत हात हे माप कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं, साधारण दीड फूट. माझा घोडा २२ फुटांच्या वर गेला. जिराफही १८ फुटांच्या आसपास थांबतो.

इंग्रजी ‘हँड’ हे माप ४ इंचांचं, म्हणजे १०.१६ सेंटिमीटरचं आहे. ते पंजाच्या रुंदीवरून आलं, हाताच्या लांबीवरून नाही. चूक दाखवून दिल्यावर मी १५.२ ला ४ ने गुणलं आणि दुसरी चूक केली. इथला बिंदू दशांश चिन्ह नाही. बिंदूनंतरचा आकडा सुट्या इंचांचा असतो, म्हणून तो ०, १, २ किंवा ३ एवढाच असू शकतो. १५.३ नंतर थेट १६ येतं. हिशोब असा करायचा :

१. बिंदूआधीचा आकडा गुणिले ४ : १५ × ४ = ६० इंच.
२. त्यात बिंदूनंतरचा आकडा मिळवा : ६० + २ = ६२ इंच.
३. गुणिले २.५४ : साधारण १५७.५ सेंटिमीटर.

आणि ही उंची डोक्यापर्यंतची नसते. मान जिथे पाठीला मिळते त्या खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत ती मोजतात, कारण घोडा डोकं खालीवर करतो. मराठीत ‘१५७ सेंटिमीटर उंच घोडा’ एवढंच लिहिलं तर वाचक ते डोक्यापर्यंत धरेल. ‘खांद्यापाशी’ हा शब्द घाला.

> सावधान : माप आलं की ‘हात’ हा शब्द टाळाच. सेंटिमीटर किंवा फूट-इंच द्या.

टप्पा ५ : खराच हात असेल तर नेमका कुठला भाग?

चारही टप्प्यांतून वाक्य सरळ पार झालं तर बहुधा शरीराचाच हात आहे. इथे लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि पुढची चूक करतात.

मराठी हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत आहे. इंग्रजी ‘हँड’ मनगटापासून पुढे सुरू होतो, वरच्या भागाला ‘आर्म’ म्हणतात. ‘हँड’मध्ये २७ हाडं असतात : मनगटाची ८, तळव्याची ५ आणि बोटांची १४. तेव्हा तपासणीच्या अहवालात ‘फ्रॅक्चर ऑफ द हँड’ असेल तर ‘हात मोडला’ हे मराठी ढिसाळ ठरतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गळ्यात अडकवलेला हात येतो आणि मोडलेलं असतं करंगळीमागचं तळव्याचं हाड. ‘पंजा’ किंवा ‘तळहात’ म्हणा, अहवालात हाडाचं नाव असेल तर तेच सांगा.

उलट्या दिशेनेही हेच. खांद्यापासून कोपरापर्यंत ठणकत असताना परदेशी डॉक्टरला ‘माय हँड हर्ट्स’ म्हटलंत तर तो तुमचा पंजा तपासायला घेईल. तिथे ‘आर्म’ हवा.

फुटबॉल मात्र या नियमाला जुमानत नाही. ‘हँडबॉल’च्या गुन्ह्यात हात काखेच्या खालच्या रेषेपर्यंत धरला जातो, म्हणजे शब्द ‘हँड’ आणि व्याप्ती जवळजवळ मराठी हाताएवढी. २२ जून १९८६ रोजी विश्वचषकात मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध केलेला ‘हँड ऑफ गॉड’ गोल तर अक्षरशः मुठीने झाला होता, त्यामुळे ‘देवाचा हात’ हे भाषांतर बिनधास्त करावं.

टप्पा ६ : मराठीतल्या जुळ्यांवर संशय घ्या

हाताचे वाक्प्रचार मराठीत ढिगाने आहेत. काही इंग्रजीशी चपखल बसतात : ‘राइट-हँड मॅन’ म्हणजे उजवा हात, ‘रेड-हँडेड’ म्हणजे रंगेहाथ, ‘सिंगल-हँडेड’ म्हणजे एकहाती, ‘हिज हँड्स आर टाइड’ म्हणजे त्याचे हात बांधलेले आहेत. ‘हँड टु माउथ’साठी तर ‘हातावर पोट’ हे मला मूळ इंग्रजीपेक्षा सरस वाटतं. पण या जोड्यांनी आपली भीड चेपते, आणि मग खालच्या जोड्या फसवतात.

‘वॉश वन्स हँड्स ऑफ इट’ म्हणजे यातून अंग काढून घेणं, हात झटकणं. मराठीत ‘हात धुवून मागे लागणं’ याच्या बरोबर उलट आहे, आणि ‘हात धुवून घेणं’ म्हणजे संधी साधणं. ‘ही वॉश्ड हिज हँड्स ऑफ द प्रोजेक्ट’ याचं मराठी ‘त्याने प्रकल्पात हात धुवून घेतले’ असं झालं, तर एका प्रामाणिक माणसावर पैसे खाल्ल्याचा आळ येतो.

‘रबिंग हिज हँड्स’ हे इंग्रजीत बहुधा खुशीचं लक्षण, आता मजा येणार म्हणून. मराठीत ‘हात चोळत बसणं’ म्हणजे संधी हुकल्याची चरफड. इंग्रजीतली हतबलता ‘रिंगिंग हर हँड्स’मध्ये असते, तीत हात पिळले जातात. कथा-कादंबरीच्या भाषांतरात या एका गल्लतीने पात्राचा अख्खा मूड उलटा होतो.

‘हात दाखवणं’ घ्या. ‘ही शोड हिज हँड’ म्हणजे त्याने आपला बेत उघड केला, पत्त्यांवरून आलेलं आहे. मराठीत हात दाखवून आपण गाडी थांबवतो, भविष्य बघतो किंवा कुणाला चोप देण्याची भाषा करतो. ‘माय हँड्स आर फुल’ म्हणजे मला कामातून मान वर काढायला वेळ नाही. ‘माझे हात भरलेत’ म्हटलं तर समोरचा फडकं आणून देईल.

> तपासा : मराठी वाक्यात हाताचा वाक्प्रचार आला असेल तर इंग्रजी वाक्य क्षणभर झाका आणि फक्त मराठी वाचा. माणूस खुश आहे की खचलेला, जबाबदारी घेतोय की टाळतोय? मग इंग्रजी उघडा. भाव उलटा निघाला तर वाक्प्रचार टाकून साधं वाक्य लिहा.

टप्पा ७ : एक वाक्य पूर्ण सोडवून बघा

सरावासाठी मी बनवलेलं हे वाक्य घ्या : ‘ॲन ओल्ड हँड ॲट द यार्ड हँडेड मी अ सेकंडहँड वॉच विथ नो सेकंड हँड, अँड ऑफहँड आय कुडन्ट से व्हॉट इट वॉज वर्थ.’

रूप बघा : ‘सेकंडहँड’ जोडून, ‘सेकंड हँड’ सुटं, ‘ऑफहँड’ जोडून. क्रियापद एकच, ‘हँडेड’, म्हणजे दिलं. शेजारचे शब्द : ‘ॲन ओल्ड’, म्हणून मुरलेला माणूस. विषय घड्याळ, म्हणून सुटं ‘सेकंड हँड’ म्हणजे काटा. ‘ऑफहँड’ इथे वागणुकीबद्दल नाही, सांगण्याबद्दल आहे. म्हणून ‘बेफिकीरपणे’ नव्हे, ‘चटकन, माहिती न बघता’. खराखुरा हात कुठेच नाही, पाचवा टप्पा सोडा. ‘हँडेड मी’साठी ‘माझ्या हातावर ठेवलं’ असं लिहायचा मोह होईल. तो आवरा, नाहीतर त्याने घड्याळ भीक घातल्यासारखं दिलं असा वास येतो.

‘गोदीतल्या एका मुरलेल्या कामगाराने मला एक वापरलेलं घड्याळ दिलं. त्याला सेकंदकाटाच नव्हता, आणि त्याची किंमत किती असेल ते मला चटकन सांगता येईना.’

‘यार्ड’ जहाजांचं आहे की लाकडांचं, ते या एका वाक्यावरून कळत नाही. मी ‘गोदी’ धरली. तुमच्यासमोर आधीचं आणि नंतरचं वाक्य असेल, तिथे बघून ठरवा.